राईचा वारसा आणि बाईचा वाटा



सह्याद्री एकच आहे, पण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद दोनदा झाली आहे. २०१२ साली पश्चिम घाटाची नोंद झाली तेव्हा आपल्याकडची कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही ठिकाणं त्यात आली. ती नोंद नैसर्गिक वारसा म्हणून. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंद झाली. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. ती नोंद सांस्कृतिक वारसा म्हणून. पहिल्या नोंदीत झाडं, पाखरं, बेडूक आणि सड्यावरची फुलं आहेत. दुसरीत तट, बुरूज आणि लढायांचा इतिहास आहे. दोन्हींचा आनंद आहेच. पण त्याच डोंगराच्या उतारावर गावाने शेकडो वर्षं राखलेली राई असते, राईत शेंदूर फासलेली देवी असते, देवीच्या पायाशी झरा असतो आणि त्या झऱ्यावर हंडा भरून घेणारी बाई असते. हे सगळं मिळून जे होतं ते निसर्गाच्या खात्यात टाकायचं की संस्कृतीच्या, याचं उत्तर कुठल्याही कचेरीत मिळत नाही. वन खातं झाडं मोजतं, पुरातत्त्व खातं कोरीव दगड मोजतं, देवस्थान समिती दानपेटी मोजते, महसूल खातं गुंठे मोजतं.

हा अंक देवरायांवर काढायचा ठरलं तेव्हा आपल्यातल्याच काही जणींनी भुवया उंचावल्या. बलात्काराचे खटले, पोटगी, घरातली मारहाण, बाईच्या नावावर जमीन हे एवढे प्रश्न उभे असताना देवाच्या रानात शिरायचं कशाला? दुसरी शंका जास्त टोकदार होती. देव, धर्म, पावित्र्य या शब्दांनी बाईला आजवर बांधूनच ठेवलं. मग ‘पवित्र भूमी’ वाचवायच्या कामात आपण कशाला हातभार लावायचा? ही शंका मला रास्त वाटते. हे संपादकीय तिच्याशीच बोलण्यासाठी आहे.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान. कोकणात, मुळशी-भोरच्या मावळात, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात, गोव्याच्या सत्तरीत अशा राया आहेत. महाराष्ट्रात नोंदलेल्याच दोन हजारांहून अधिक. कुठे चार झाडांचा पुंजका, कुठे कित्येक एकरांचं दाट जंगल. तिथे कुऱ्हाड लावायची नाही, हा मुख्य नियम. काही ठिकाणी वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, काही ठिकाणी पडलेलं लाकूड गावकीच्या कामाला चालतं, काही ठिकाणी देवाला कौल लावून परवानगी घ्यायची. या नियमांमुळे आसपासचा डोंगर बोडका झाला तरी राईत हिरडा, बेहडा, सातवीण, अंजनी, उंबर उभे राहिले आणि गारंबीचे मांडीएवढे जाड वेल झाडांवरून झाडांवर गेले. सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राय आहे. जायफळाच्या कुळातल्या झाडांची जी दलदलीची जंगलं आता फार थोडी उरली आहेत, त्यातली एक तिथे देवाच्या नावावर टिकून आहे.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी या रायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांचा १९७६ चा लेख आजही सगळे जण पहिला आधार म्हणून सांगतात. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाने तोडीच्या खुणा पडलेली आपली राई वाचवण्यासाठी याच शास्त्रज्ञांना साद घातली होती. गावाचं म्हणणं साधं होतं: आमचा ओढा या राईमुळे वाहतो. तिथे देव आणि पाणी वेगळे नव्हते. राई देवाची म्हणून राखली, आणि राखली म्हणून पाणी राहिलं. पुस्तकात निसर्ग आणि संस्कृतीच्या जोडीची कितीही चर्चा होवो, गावाला ती जोडी रोजच्या घागरीत दिसते.

आणि घागर कोणाच्या डोक्यावर असते हे आपल्याला ठाऊक आहे. तरी अहवालात ‘गाव’ म्हटलं की त्यात पुजारी, गावकर, मानकरी, पोलीस पाटील बोलतात. बाई बोलते ती फार तर शेवटच्या पानावर, लोककथा सांगायला.

या रायांच्या देवता पाहा. काळकाई, वाघजाई, सोमजाई, जननी, जाखमाता, काळूबाई. पुरुषदेवही आहेत, भैरव आहे, म्हसोबा आहे, वेताळ आहे. पण आयांची गर्दी मोठी आहे. पाण्याच्या काठाला सात तांदळे मांडलेल्या साती आसरा असतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, म्हणजे मातीच देवी. दा. ध. कोसंबींनी पुण्याभोवतीचे डोंगर पायाखाली घालून १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मांडलं की या आयांची ठाणी फार जुन्या वाटांवर, शेतीच्याही आधीच्या भटक्या माणसांच्या वाटांवर आहेत, त्यातल्या अनेकींना मुळात नवरा नाही, नंतर केव्हातरी त्यांची लग्नं लावली गेली. रा. चिं. ढेऱ्यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’त भूमी, वारूळ आणि योनी यांच्या पूजेचा धागा उलगडून दाखवला. हे वाचताना आपल्यातल्या कित्येक जणींना एकेकाळी हुरूप आला होता. आपल्याही मागे असं काही आहे, नवरा नसलेली, कोणाची अर्धांगी नसलेली देवी आहे, असं वाटलं होतं.

पण हुरूप जरा आवरायला हवा. देवी स्त्री आहे म्हणून बाईचं भलं होतं, असं आपल्या इतिहासात कुठे दिसत नाही. ज्या राईत बाईची मूर्ती, त्याच राईत पाळीच्या चार दिवसांत बाईने पाऊल टाकायचं नाही. काही रायांत तर बाईला कधीच मज्जाव. यल्लम्माच्या नावाने मुली सोडल्या गेल्या. ती प्रथाही परंपराच होती, तिच्याही मागे देवी होती, डोंगर होता, जत्रा होती, गाणी होती. आपल्या चळवळीने आणि खुद्द देवदासींच्या संघटनांनी ती प्रथा वारसा म्हणून जपा असं म्हटलं नाही. ती संपवा म्हटलं, आणि २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा त्यातूनच आला. तेव्हा ‘संस्कृती जपा’ हे वाक्य आमच्यासमोर आलं की आमचा पहिला प्रश्न असतो, कोणती?

हाच प्रश्न आता देवरायांबाबत विचारायची वेळ आली आहे, कारण निसर्ग आणि संस्कृतीची सांगड घाला असं आता सगळेच म्हणू लागले आहेत. शास्त्रज्ञ म्हणतात, न्यायालय म्हणतं, पर्यटन खातं म्हणतं, देवळांचे विश्वस्त तर फारच आनंदाने म्हणतात. सांगड कशाची कशाशी घातली जाते यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मावळातल्या एका वाडीत आम्ही शिबिराला गेलो होतो. राईतली देवी उघड्यावर, जांभळाच्या बुंध्याशी. छप्पर का नाही, असं विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, “तिला छप्पर सोसत न्हाय, ताई. आजवर दोनदा घातलं, दोन्ही बारीला वाऱ्यानं गेलं.” देवी उघड्यावर राहणार म्हणजे तिच्या डोक्यावर झाडाची सावली राहणार, म्हणजे झाड राहणार. अशी ती व्यवस्था होती, आणि ती अनेक गावांत आहे. दोन वर्षांनी त्या वाटेने पुन्हा गेलो तर स्लॅबचं देऊळ उभं होतं. समोर सभामंडप, खाली पेव्हर ब्लॉक, वर हायमास्ट दिवा. तांदळा गाभाऱ्याच्या कोपऱ्यात सरकवलेला आणि मध्यावर संगमरवराची, सिंहावर बसलेली, आठ हातांची मूर्ती. मंडपासाठी राईचा पुढचा भाग तोडला होता. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढली होती आणि उरलेला खर्च लाकडाच्या विक्रीतून भागवला होता. झरा मेला नव्हता, पण त्याभोवती कठडा बांधून नळाने पाणी टाकीत नेलं होतं, आणि टाकीची किल्ली पुजाऱ्याकडे. म्हातारीला विचारलं तर ती नुसती म्हणाली, “आता सोसत आसंल.”

ही एका वाडीची गोष्ट नाही. तीर्थक्षेत्राचा ‘क’ वर्ग मिळाला की जिल्हा नियोजनाचा निधी येतो. तो रस्त्याला, मंडपाला, भक्तनिवासाला, वाहनतळाला मिळतो. झाडं जशीच्या तशी उभी ठेवायला कोणत्या शीर्षाखाली पैसे मागणार? मग राईची देवी जेवढी ‘मोठी’ होते तेवढी राई लहान होते. याच ओघात काळकाईची दुर्गा होते, जाखमातेची कोणा पुराणातल्या देवाची बायको होते, बोकड-कोंबड्याच्या जागी नारळ येतो, बिगरब्राह्मण गुरवाच्या किंवा आदिवासी भगताच्या जागी मंत्र म्हणणारा येतो, आणि भिंती आल्या की दार येतं. दार आलं की कोणी आत यायचं आणि कोणी नाही याची पाटी येते. उघड्या राईत बाई जरा लांबून, झाडाआडून का होईना, हात जोडत होती. आता विटाळाचा नियम रंगवून भिंतीवर लावलेला असतो. संस्कृतीचा जीर्णोद्धार म्हणतात तो हा. यात निसर्ग जातो हे पर्यावरणवाल्यांना दिसतं. बाईची जागा जाते हे आपण सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

उलट बाजूही आहे. निसर्ग वाचवायचा म्हणून माणसाला आणि त्याच्या संस्कृतीला बाहेर काढायचं, ही दुसरी तऱ्हा. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं. शेकरू वाचलं पाहिजे याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण त्याच डोंगरात महादेव कोळ्यांची गावं आहेत, आहुप्यासारख्या देवराया आहेत. जंगल इतकं बरं राहिलं याचं एक कारण या राया आहेत. बाळहिरडा वेचून, वाळवून विकणं हा तिथल्या बाईच्या हाती रोख पैसा येण्याचा मोठा मार्ग. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेलं, पडलेलं झाड, गवत काहीही काढू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तो देशभरासाठी होता आणि त्यामागचा हेतू लाकूडचोरी थांबवण्याचा होता. पण गार्डाने अडवलं ते डोक्यावर मोळी आणि कमरेला हिरड्याचं गाठोडं असलेल्या बाईला. ज्योतिर्लिंगाला येणाऱ्या गाड्यांची रांग मात्र त्याच जंगलातून घाट चढत राहिली. म्हणजे अभयारण्यात देव चालतो, भक्त चालतो, भक्ताची गाडी चालते. राई राखणाऱ्या गावातली बाई चालत नाही.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे, कारण देवराईवरच्या कौतुकाच्या लेखांत ती येत नाही. राईतून काटकी न्यायची नाही, हा नियम पाळायचा भार कोणावर पडतो? चूल बाईची. राई घराला लागून असली तरी सरपणाला तिला डोंगरापलीकडे जावं लागतं. राईला वळसा घालून, भरली मोळी घेऊन, पावसाळ्यात निसरड्या वाटेने ती गेली म्हणून राई उभी आहे. गावाने राखली हे खरं, पण ती राखण्याचं रोजचं काम कोणाच्या मानेवर होतं याची नोंद कुठल्याही फलकावर नाही. नियम ठरवणाऱ्या बैठकीत ती नव्हती. कौल लावतानाही ती नव्हती.

आणि तिला जे माहीत आहे तेही नोंदलेलं नाही. कोणता कंद कधी खणायचा, बाळंतिणीला कोणत्या सालीचा काढा, कोणत्या झाडाला मोहोर आला की पाऊस लांबणार, हे सुईणींना, मोळीविक्या बायकांना, गुराखी पोरींना ठाऊक असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्यातून दिसतं की बाईच्या मनातलं रान हे शोभेचं रान नाही. त्यात वनवासातली सीता आहे, माहेरची वाट आहे, सासुरवासाचा काटा आहे. सांस्कृतिक वारसा म्हणायचा तर हा आहे, आणि तो दगडाचा नसल्याने कोणत्याही पुरातत्त्व खात्याच्या कक्षेत येत नाही.

आता कायद्याकडे वळते. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण लढायची जागा इथे आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरण म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल निकाल दिला. प्रत्येक ओरणची पाहणी करून नकाशा करावा, त्यांना वन म्हणून दर्जा द्यावा आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-क खाली ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून त्यांचं रक्षण करावं, असा तो निकाल. देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखावं, अशी शिफारसही केंद्राला केली. मुलगी जन्मली की १११ झाडं लावणाऱ्या पिपलांत्री गावाचं त्यात कौतुक आहे. वाचून बरं वाटलं. पण समुदाय राखीव क्षेत्र चालवायला जी व्यवस्थापन समिती असते तिच्यात पंचायतीने सुचवलेले किमान पाच जण आणि वन खात्याचा एक प्रतिनिधी असतो. त्यात बायका असल्याच पाहिजेत असं त्या कायद्यात नाही. म्हणजे मुलीच्या नावाने झाडं लागतील आणि मुलगी मोठी झाली की झाडांबाबतची बैठक तिच्यावाचून होईल.

याच्या उलट २००६ चा वनहक्क कायदा घ्या. त्याच्या पाचव्या कलमात ग्रामसभेला आणि हक्कधारकांना असा अधिकार दिला आहे की आपल्या नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारशाला बाध आणणाऱ्या कोणत्याही विध्वंसक गोष्टीपासून आपला अधिवास राखावा. निसर्ग आणि संस्कृती हे दोन्ही शब्द कायद्यानेच एका ओळीत, एका दमात घेतले आहेत, आणि राखायचं काम खात्याकडे नाही तर लोकांकडे दिलं आहे. नियमांनुसार वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका लागतात, आणि हक्कांसाठीच्या ग्रामसभेत हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश बायका लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सामूहिक दाव्याचा पुरावा म्हणून पवित्र झाडं, राया, तळी, स्मशानं धरली जातात आणि गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो. वृद्धांत वृद्धा येतात. ज्या म्हातारीला आजवर लोककथेपुरतं विचारलं, तिचा जबाब कायद्याच्या दृष्टीने पुरावा आहे.

या कायद्याचं बळ नियमगिरीत दिसलं. ओडिशातल्या डोंगरिया कोंधांचा तो डोंगर, नियमराजाचं ठाणं. त्यात बॉक्साइट. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं की इथल्या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही जागी खाणीला नकार मिळाला. तिथे डोंगर आणि देव वेगळे काढता येत नाहीत, हेच लोकांनी सांगितलं, आणि त्या सभांत बायका बोलल्या.

आपल्याकडे गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचं ते ठाणं, दरवर्षी तिथे यात्रा भरते. त्या डोंगरातून लोहखनिज काढलं जात आहे. ग्रामसभांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे, आणि त्याला आपला पाठिंबा आहे, निःसंशय. पण त्याच भागात कुरमाघर आहे. पाळी आली की बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं. तिथे पावसात, थंडीत, साप-विंचवांत बायका आजारी पडल्या आहेत, दगावल्या आहेत. खाणीविरुद्ध लढताना ‘आमची संस्कृती’ म्हणणारा कार्यकर्ता कुरमाघराचा विषय निघाला की पुन्हा ‘आमची संस्कृती’च म्हणतो. आपण बाहेरच्या बायका, शहरी बायका, आपण बोललो तर तो हल्ला ठरतो; गप्प बसलो तर तिथल्या बायकांना एकटं पाडतो. माझं मत असं की खाणीविरुद्धच्या लढ्यात आपण त्यांच्या मागे उभं राहावं आणि कुरमाघराबाबत तिथल्या मुली जे बोलू लागल्या आहेत त्यांच्या मागे उभं राहावं, आणि एकासाठी दुसरं थांबवू नये. ‘आधी खाण, मग बायकांचा प्रश्न’ हा क्रम आपण कामगार चळवळीपासून ऐकत आलो आहोत.

यावर एक सोपं उत्तर १९८० नंतर पुष्कळ ऐकलं. बाई आणि निसर्ग यांचं नातं मुळातलंच, बाई म्हणजेच धरती, म्हणून बाईच रान वाचवेल. वंदना शिवांच्या लिखाणाने त्याला जगभर वजन आलं. मला ते कधी पटलं नाही. बीना अग्रवालांनी १९९२ सालीच त्याचा प्रतिवाद केला: बाईचं रानाशी जे नातं आहे ते तिच्या कामातून, गरिबीतून, जमीन नावावर नसल्यातून आलेलं आहे; ते जातीगणिक आणि वर्गागणिक बदलतं. गावातल्या मोठ्या घरच्या वहिनीला राई म्हणजे नवरात्रातली ओटी. कातकरी बाईला राई म्हणजे कंद, सरपण आणि गार्डाची भीती. दोघींना एकच ‘धरतीमाता’ म्हणून गोंजारलं की कातकरणीचा प्रश्न पुसला जातो. त्याच अग्रवालांनी पुढे गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनसमित्यांचा अभ्यास करून २०१० साली दाखवलं की समितीत बायकांची संख्या पुरेशी असली तर जंगलाची स्थिती सुधारते. एखादी नावापुरती बाई बसवून उपयोग नाही. त्यांना बोलता येईल इतक्या जणी लागतात.

म्हणून देवराई वाचवायच्या कामात आपण जावं असं मला वाटतं, पण भक्त म्हणून नाही आणि वनरक्षक म्हणूनही नाही. श्रद्धा असणाऱ्या बाईची टिंगल करायची आपल्याला गरज नाही. ती राईत जाते तेव्हा तिथे तिला घडीभर बसायला मिळतं, सासूच्या नजरेआड रडायला मिळतं, मैत्रीण भेटते, हेही त्या जागेचं मोल आहे. शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली १९५६ च्या कायद्याचा दाखला देऊन सांगितलं की देवळात प्रवेश हा बाईचा हक्क आहे, तेव्हा आपण आनंद केला. पण दर्शनाचा हक्क म्हणजे कारभाराचा हक्क नव्हे. राईचं झाड विकायचं की नाही, मंडप बांधायचा की नाही, झऱ्याची किल्ली कोणाकडे, हे ठरवणाऱ्या चटईवर बाई बसली पाहिजे, आणि त्यात कातकरीण, धनगरीण, बौद्धवाड्यातली बाई बसली पाहिजे. नाहीतर निसर्ग आणि संस्कृतीची सांगड म्हणून जे होईल त्यात झाडं कदाचित वाचतील, पण त्याबरोबर विटाळाची पाटीही ‘वारसा’ म्हणून संरक्षित होईल.

अडचणी आहेत. कोकणात पुष्कळ राया महसूल खात्याच्या किंवा देवस्थानाच्या नावे लागलेल्या आहेत, काही खाजगी सातबाऱ्यावर आहेत; तिथे वनहक्क कायदा सहज लागू होत नाही. आदिवासी नसलेल्या गावांना तीन पिढ्यांची वहिवाट सिद्ध करावी लागते. तिथे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून नोंद करून घेणं, पंचायतीचा ठराव घेणं, देवस्थान समितीकडे लेखी हरकत देणं असे तुकड्या-तुकड्याचे मार्ग चाचपावे लागतील. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडच्या मैत्रिणींनी याबाबत काय केलं ते या अंकात पान १४ वर आहे. त्यांना सगळीकडे यश आलं नाही, तरी वाचण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असा कायदा आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या आणि अंगठे घेतले जातात. पुढच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आपल्या गटांनी आपापल्या गावात ती खरोखर भरवावी आणि देवराई हा विषय पत्रिकेवर लेखी घालावा. विषय एकच, पण त्यात तीन गोष्टी याव्यात: राईची हद्द, राईचं पाणी आणि पाळीच्या कारणाने किंवा जातीच्या कारणाने तिथे कोणाला अडवायचं नाही हा ठराव. तिसरी गोष्ट मांडताना गोंधळ होईल, ती वगळून बाकीच्या दोन मंजूर करू असं सांगितलं जाईल. ठराव फेटाळला तरी तो फेटाळल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा आणि नक्कल मागून ठेवा.

दरम्यान प्रत्येक गटाने गावातल्या साठीपुढच्या बायकांना राईत नेऊन त्यांच्याकडून जमिनीवर राईचा नकाशा काढून घ्यावा. रांगोळी, खडे, पानं, काहीही वापरा. मग तो कागदावर उतरवून सप्टेंबरअखेर आमच्याकडे पाठवा. दिवाळी अंकात जमतील तेवढे छापू. शिकलेल्या पोरी नकाशा उतरवताना देऊळ मधोमध मोठं काढतात असा अनुभव आहे. म्हाताऱ्यांनी काढलं तसंच उतरवा, आणि त्यांनी दाखवलेल्या पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटा पुसू नका.